नेटबॉल खेळून पुढं काय? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय स्पर्धा जवळ आल्या की पालकांचे फोन सुरू होतात. मी सोलापुरात शारीरिक शिक्षण शिकवते, मुलींचा नेटबॉल संघ घेते, आणि विचारणारे बदलले तरी प्रश्न फारसे बदलत नाहीत. मुलींना जागा हवी असते, आयांना गुडघ्याची काळजी असते, वडिलांना पगाराचा आकडा हवा असतो. बरेचसे प्रश्न व्यावसायिक नेटबॉलपटू नेमकी कशी जगते या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून उत्तरंही तिथूनच द्यायचा प्रयत्न केलाय. हा खेळ काही देशांत पगारी व्यवसाय आहे, भारतात तसा तो अजून नाही. हे आधीच स्पष्ट सांगून पुढं जाऊ.

मॅडम, हे बास्केटबॉलच ना, फळी काढलेलं?

जन्म तिथलाच आहे. १८९० च्या दशकात इंग्लंडमधल्या मुलींच्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजांत बास्केटबॉलमधून हा खेळ घडत गेला आणि १९०१ मध्ये त्याचे नियम ठरले. पण मैदानात उतरलं की दोन्हींत सारखं फार थोडं उरतं.

नेटबॉलमध्ये टप्पे देत पळता येत नाही. बॉल हातात आला की तीन सेकंदांत सोडायचा. ज्या पायावर उतरलात तो पाय उचलता येतो, पण बॉल हातात असेपर्यंत परत टेकवता येत नाही. म्हणजे पूर्ण वेगात पळत यायचं, उडी मारून बॉल घ्यायचा आणि जवळजवळ जागच्या जागी थांबायचं. समोरची खेळाडू तुमच्या पायापासून नियमाने ठरलेलं अंतर राखून उभी राहून हात वर करू शकते, अंगाला भिडू शकत नाही. कोर्ट ३०.५ मीटर लांब आणि १५.२५ मीटर रुंद. त्याचे तीन भाग असतात आणि एक अख्खा भाग ओलांडून बॉल फेकता येत नाही, मध्ये कुणीतरी तो घ्यावाच लागतो. त्यामुळे एकटीच्या जिवावर गोल होत नाही. उरलेल्या सहाजणी हलल्या नाहीत तर सगळ्यांत चांगली खेळाडूसुद्धा तीन सेकंदांत अडकते.

फळी नसण्याचा परिणाम फार मोठा आहे. रिंग १० फुटांवर म्हणजे ३.०५ मीटरवर, आतला व्यास ३८ सेंटीमीटर, आणि बॉल साधारण २२ सेंटीमीटर जाडीचा. फळीवर आपटून आत ढकलायची सोय नसल्यामुळे बॉल वरूनच पडावा लागतो. आपल्याकडच्या मुली बास्केटबॉलमधून येतात तेव्हा त्यांचा पहिला महिना सपाट फेक मोडण्यात जातो.

सात जागांपैकी माझ्या मुलीला कोणती जमेल?

सातही जणींच्या बिबवर, म्हणजे कपड्यांवरून घालायच्या पट्टीवर, अक्षरं असतात आणि त्या अक्षरावरून कोर्टवर कुठे जायचं, कुठे नाही हे ठरतं. जीएस (गोल शूटर) आणि जीए (गोल अटॅक) या दोघींनाच गोल करता येतो, तोही ४.९ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात उभं राहून. त्यांना अडवायला समोरच्या संघाच्या जीके (गोल कीपर) आणि जीडी (गोल डिफेन्स). मधल्या फळीत डब्ल्यूए (विंग अटॅक), डब्ल्यूडी (विंग डिफेन्स) आणि सेंटर.

सेंटर सगळ्यांत जास्त पळते. गोलच्या दोन अर्धवर्तुळांखेरीज सगळं कोर्ट तिचं. सोलापुरात खो-खोची मुळं खोल आहेत, वेळापूरपासून शहरापर्यंत. खो-खोतून आलेली मुलगी सेंटर किंवा डब्ल्यूडीला उभी केली की दिशा बदलण्यात ती बाकीच्यांच्या पुढं असते. खांबाला वळसा घालताना शरीर कसं झुकवायचं हे तिला शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते थांबणं.

मात्र पंधरा वर्षांच्या आत कुणाचीही जागा पक्की करू नका. मी मुलींना दर आठवड्याला वेगळा बिब देते. उंच मुलीला कायम जीएसला उभं केलं तर ती एका जागी थांबायला शिकते आणि पुढच्या स्तरावर तिथेच अडकते.

माझी उंची ५ फूट १ इंच आहे. सोडून देऊ का?

नको. रिंगखालच्या जागांना उंची लागते हे खरं आहे. जमैकाची जॅनील फाउलर ६ फूट ६ इंचांची आहे, श्रीलंकेची तर्जिनी सिवलिंगम ६ फूट १० इंचांची. पण संघात त्यांच्या हातापर्यंत बॉल पोचवणाऱ्याही लागतात. डब्ल्यूए आणि सेंटरला बुटक्या, चपळ मुली जगभर खेळतात. तू डोळ्यांनी पास कर, म्हणजे बघायचं एकीकडे आणि द्यायचा दुसरीकडे. ते सरावाने येतं.

‘व्यावसायिक नेटबॉलपटू’ नेमकं कुणाला म्हणायचं? कुठल्या देशांत?

ज्या खेळाडूशी एखादा क्लब मोसमाचा करार करतो आणि खेळायचे पैसे देतो तिला. असे करार मुख्यतः तीन ठिकाणी होतात. ऑस्ट्रेलियातली सुपर नेटबॉल २०१७ मध्ये सुरू झाली. त्याआधी २००८ ते २०१६ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची मिळून एक लीग होती. न्यूझीलंडची एएनझेड प्रीमियरशिपही २०१७ चीच. इंग्लंडची सुपरलीग २००५ पासून आहे आणि २०२५ मध्ये आठ संघांसह तिची नव्याने मांडणी झाली.

आता जागा मोजा. ऑस्ट्रेलियात आठ संघ आणि प्रत्येक संघात दहा करारबद्ध खेळाडू. म्हणजे जगातल्या सगळ्यांत तगड्या लीगमध्ये ८० जागा. त्याही ऑस्ट्रेलियाच्या मुलींबरोबर जमैका, इंग्लंड, दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडू वाटून घेतात. हे मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवते. ऐकून काहींचे चेहरे पडतात, पण खेळाडूला आकडा माहीत असलेला बरा.

पगार किती? सरळ सांगा.

सुपर नेटबॉल सुरू झाली तेव्हा, २०१७ मध्ये, किमान मानधन वर्षाला २७,३७५ ऑस्ट्रेलियन डॉलर आणि सरासरी ६७,५०० डॉलर ठरलं होतं. तेव्हाच्या दराने साधारण साडेतेरा लाख आणि चौतीस लाख रुपये. सोलापुरात बसून हा आकडा मोठा वाटतो. मेलबर्नमध्ये घरभाडं देऊन किमान मानधनात राहणारीला तो अपुरा पडतो. म्हणून कित्येक खेळाडू शिकतात किंवा नोकरी करतात.

त्याच करारात मला पैशापेक्षा मोलाची वाटलेली एक तरतूद होती: दुखापत झाली किंवा खेळाडू गरोदर राहिली तर दोन वर्षांपर्यंत तिचं उत्पन्न चालू राहील. महिलांच्या खेळात हे मिळवायला फार वर्षं लागली. आपल्याकडे खेळाडू जायबंदी झाली की उपचाराचा खर्च घरच्यांवर येतो, तेव्हा ही तरतूद काय आहे ते लगेच समजतं.

आणि ही मंडळी भांडायलाही कचरली नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरअखेर जुना करार संपला, नवा ठरेना, आणि ऑस्ट्रेलियाच्या खेळाडू दोन महिन्यांहून जास्त काळ बिनपगारी राहिल्या. त्याआधी ऑगस्टमध्येच ऑस्ट्रेलियाच्या संघाने विश्वचषक जिंकला होता. मागणी अशी की प्रायोजकांकडून येणाऱ्या पैशात खेळाडूंनाही वाटा हवा. डिसेंबरमध्ये समझोता झाला आणि वाटा मिळाला. विश्वविजेत्यांना इतकं ताणावं लागतं, तर हा पैसा किती कष्टाचा आहे हे ओळखा.

त्यांचा दिवस कसा असतो?

लीगचा मोसम ऑस्ट्रेलियात साधारण एप्रिल ते ऑगस्ट. साखळीत प्रत्येक संघ बाकी सातांशी दोनदा खेळतो, म्हणजे १४ सामने, मग बाद फेरी. सामना १५ मिनिटांच्या चार डावांचा. पण खरं काम मोसमाच्या आधी होतं. तीन-चार महिने ताकद, धाव, उड्या, लँडिंग. मोसमात सकाळी व्यायामशाळा, दुपारी कोर्ट, मध्ये फिजिओ, संध्याकाळी प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी हलका व्यायाम आणि सूज तपासणं. एखाद्या शहरातून दुसऱ्या शहरात विमानाने जायचं, खेळायचं, परतायचं.

यातलं प्रसिद्धीचं टोक आपल्याला टीव्हीवर दिसतं. एकच फेक हजारदा करणं दिसत नाही. आयरीन व्हॅन डाइकचं नाव त्यासाठी घेते. दक्षिण आफ्रिकेच्या संघातून १९९५ च्या विश्वस्पर्धेचं उपविजेतेपद, मग २००० मध्ये न्यूझीलंडला स्थायिक, २००३ मध्ये न्यूझीलंडकडून विश्वविजेतेपद. दोन्ही देश मिळून २१७ आंतरराष्ट्रीय सामने. तिची फेक बघताना मुलींना मी एकच गोष्ट बघायला सांगते: गुडघे वाकतात, सरळ होतात आणि त्याच लयीत बॉल बोटांवरून सुटतो. हात एकटा काम करत नाही. मनगट शेवटी खाली मोडतं आणि बोटं रिंगकडे बघत राहतात. सामन्याचा शेवटचा मिनिट असो नाहीतर सरावातली साधी फेक, हालचाल तीच.

किती वयापर्यंत खेळता येतं?

गुडघे साथ देतील तोवर. इंग्लंडची जीवा मेंटर सोळाव्या वर्षी देशाकडून खेळली आणि २००२ ते २०२२ अशा सहा राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये उतरली. ती बचावफळीतली. साधारणपणे रिंगजवळच्या खेळाडू जास्त वर्षं टिकतात, कारण तिथे पळापळीपेक्षा अंदाज आणि वेळ साधणं महत्त्वाचं.

गुडघ्याचं खरं काय? आमच्या शेजारच्या मुलीचं ऑपरेशन झालं.

या प्रश्नावर मला सविस्तरच बोलायचंय, कारण इथे आपण मोठ्या माणसांनी लक्ष दिलं तर मुलींचं नुकसान टळतं.

वर सांगितलं तसं, हा खेळ अचानक थांबण्याचा आहे. उडीतून एका पायावर उतरताना गुडघा आत वळला आणि वरचं शरीर दुसरीकडे फिरलं की गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटू शकतो. बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. घोटा मुरगळणं त्याहून कितीतरी जास्त वेळा घडतं, पण घोटा काही आठवड्यांत परत येतो. एसीएलची शस्त्रक्रिया झाली की खेळात परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं.

ऑस्ट्रेलियाची कर्णधार लिझ एलिस, १२२ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेली, पेशाने वकील. २००५ मध्ये तिचा एसीएल फाटला आणि मेलबर्नला घरच्या प्रेक्षकांसमोर झालेली २००६ ची राष्ट्रकुल स्पर्धा हुकली. ती परतली, २००७ मध्ये ऑकलंडला न्यूझीलंडला हरवून विश्वविजेती झाली आणि मग निवृत्त झाली. हे ऐकून मुलींना धीर येतो. पण तिच्यामागे शल्यविशारद, फिजिओ, प्रशिक्षक अशी फौज होती हेही मी जोडून सांगते. आपल्याकडे फाटण्याआधीची काळजीच जास्त उपयोगाची.

ती काळजी फुकट आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन्ही देशांच्या नेटबॉल संघटनांनी वॉर्म-अपमध्येच करायचे लँडिंगचे व्यायाम ठरवून दिलेत. सरावाच्या आधी मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच सामना सुरू करायचा, ही आपली जुनी सवय मोडा. एका पायावर उतरा आणि तीन मोजेपर्यंत स्थिर उभ्या राहा. समोर उभी असलेली मैत्रीण बघेल: गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, आत कोसळतोय का? आवाज येतो का? धप्पकन उतरलीस तर परत कर. मांजरीसारखं बिनआवाजी उतरायचं. आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं. मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि एका पायावरच्या बैठका त्यात धरा.

आणि ‘टक’ असा आवाज होऊन गुडघा सुजला तर तेल लावून, चोळून, पट्टा बांधून दुसऱ्या दिवशी खेळायला पाठवू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला असं नसतं.

लग्न, मूल झाल्यावर खेळ संपतो ना?

जॅनील फाउलर अगदी तरुण वयात आई झाली, आणि त्यानंतर जमैकाच्या संघात आली. पुढं न्यूझीलंडच्या लीगमध्ये, मग २०१८ पासून ऑस्ट्रेलियाच्या वेस्ट कोस्ट फीव्हरकडून खेळून जगातली सगळ्यांत भरवशाची शूटर ठरली. २०२२ मध्ये फीव्हरने लीग जिंकली ती तिच्याच जोरावर.

इथल्या घरांविषयी बोलायचं तर बारावीनंतर स्थळं बघायला लागतात आणि मुलगी सरावाला येणं बंद होतं. शहराच्या पूर्व भागात तर घरचं विडीचं किंवा चादरीचं काम मुलींवर असतंच. मी पालकांशी भांडत नाही. एवढंच मागते की पदवी पूर्ण होईपर्यंत तिला मैदान द्या. विद्यापीठाच्या संघातून खेळायचं वय तेच आहे, आणि ते परत येत नाही.

भारतात या खेळाला काही आहे का?

आहे. राष्ट्रीय संघटना आहे, वयोगटांच्या आणि खुल्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, शालेय स्पर्धांमध्ये हा खेळ आहे, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्येही खेळला गेलाय. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा संघ उतरला, प्राची तेहलान कर्णधार होती. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना दिल्लीच्या त्यागराज संकुलात झाला आणि न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला जादा वेळेनंतर ६६-६४ असं हरवलं. इतका चुरशीचा सामना आपल्या देशात झाला आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तो पाहिला, याचं मला वाईट वाटतं. २०२४ ची आशियाई नेटबॉल अजिंक्यपद स्पर्धा बंगळुरूत झाली. सोलापूरहून रेल्वेने एका रात्रीचा प्रवास.

नाही ती पगारी लीग. क्लबशी करार करून महिन्याला पैसे घेणारी नेटबॉलपटू भारतात नाही. कुणी तुम्हाला पैसे भरून ‘लीगमध्ये निवड’ करून देतो म्हणालं तर दार लावा.

मग आपल्या मुलींनी बाहेरच्या लीगचं स्वप्न बघावं का?

मलावीकडे बघा. तिथेही पगारी लीग नाही, देश आपल्याहून गरीब, पण त्यांचा संघ वर्षानुवर्षं जगातल्या पहिल्या दहांत आहे. तिथल्या खेडेगावातून अनवाणी खेळत आलेली म्वाय कुमवेंडा आधी न्यूझीलंडच्या आणि मग ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये पोचली. २०२० मध्ये लीग जिंकणाऱ्या मेलबर्न व्हिक्सेन्सच्या संघात ती होती. युगांडाची पीस प्रोस्कोव्हिया इंग्लंडमध्ये लफबराच्या संघाकडून खेळली. आशियात श्रीलंकेने २०१८ आणि २०२२ ची आशियाई विजेतेपदं मिळवली. तर्जिनी सिवलिंगम जाफना भागातल्या गावातून, युद्धाच्या वर्षांतून वर आली आणि ऑस्ट्रेलियातल्या क्लबांकडूनही खेळली.

या सगळ्या आधी देशाच्या संघातून जगासमोर आल्या. थेट क्लबचं दार उघडत नाही. म्हणून सोलापूरच्या मुलीसाठी क्रम असा: शाळा, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शिबिर. स्वप्न बघू नका असं मी कधीच सांगणार नाही. पण त्याच्याबरोबर शिक्षण चालू ठेवा, कारण ज्या देशांत पैसा आहे तिथल्या खेळाडूंनीही ते सोडलेलं नाही.

दहावी-बारावीला गुण मिळतात का? नोकरीत फायदा होतो का?

दोन्ही होतं, पण कागदपत्रं नीट असतील तर. ठरवलेल्या स्तरापर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि त्याला मुदत असते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पद जितकं वरचं तितकी कामगिरी वरची लागते. पात्र खेळांची आणि स्पर्धांची यादी शासन वेळोवेळी बदलतं, म्हणून अर्ज करायच्या वर्षीची यादी कुमठा नाक्याच्या जिल्हा क्रीडा संकुलात, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन स्वतः बघा. शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय मिळालं यावर विसंबू नका.

प्रमाणपत्राबद्दल माझं फार आग्रहाचं सांगणं आहे. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का ते आधी विचारा. प्रमाणपत्रावर नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणेच हवं, वडिलांच्या नावासह. संघाची यादी, प्रवासाचं तिकीट, सामन्याचा निकाल, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते आणि तेव्हा आठ वर्षांपूर्वीचं कागद कुणी शोधून देत नाही. एका मुलीचं आडनाव प्रमाणपत्रावर चुकीचं छापलं गेलं होतं. ते वेळेत लक्षात आलं म्हणून दुरुस्त झालं.

खेळत्या मुलींसाठी बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी), फिजिओथेरपी, पंचगिरी हे रस्तेही आहेत. पंचांना जिल्ह्यापासून थेट आंतरराष्ट्रीय दर्जापर्यंत परीक्षा देत जाता येतं. आपल्याकडे नेटबॉलच्या महिला पंच फार कमी आहेत.

यापेक्षा क्रिकेट का नको? त्यात पैसा आहे.

जरूर खेळू दे, आवडत असेल तर. आपल्याच माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भालाफेक, गोळाफेक करायची, मग क्रिकेटकडे वळली आणि भारताकडून खेळली. एका खेळात कमावलेलं शरीर दुसऱ्या खेळात वाया जात नाही. नेटबॉलमध्ये शिकलेली हातांची पकड, उडी आणि मोकळी जागा हेरायची नजर कुठेही उपयोगी पडते.

ऑलिम्पिकमध्ये आहे का?

नाही. आशियाई खेळांतही नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९९५ मध्ये मान्यता दिली, पण स्पर्धेत समावेश झालेला नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून आहे. विश्वचषक १९६३ पासून दर चार वर्षांनी होतो आणि त्यातली १२ विजेतेपदं ऑस्ट्रेलियाची. मुलींना एकच सामना दाखवायचा असेल तर २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेचा अंतिम सामना दाखवा. अगदी शेवटच्या क्षणी हेलन हाउसबीच्या गोलने इंग्लंड ५२-५१ जिंकलं, तेही ऑस्ट्रेलियात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध.

मुलगे खेळतात का?

हो. भारतात त्यांच्याही राष्ट्रीय स्पर्धा होतात.

सोलापूरच्या उन्हात सराव कसा करायचा?

मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी सहाला सुरू, साडेसातला बंद. पारा चाळिशीच्या वर जातो त्या दिवसांत संध्याकाळी सहाच्या आत सिमेंटच्या कोर्टवर पाऊल ठेवायचं नाही. दिवसभर तापलेलं सिमेंट सूर्य कलल्यावरही उष्णता सोडत राहतं आणि बुटांच्या तळव्यातून ती जाणवते. लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी प्रत्येकीच्या बाटलीत हवं. चक्कर, मळमळ, घाम अचानक थांबणं यांपैकी काही दिसलं तर सराव तिथेच थांबवून सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि दवाखाना गाठा.

खायला काय द्यायचं? पावडर लागते का?

पावडर लागत नाही. आपली ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, मोड आलेली मटकी, डाळ, अंडी, दूध, पालेभाजी. ताटात हे रोज असेल तर शालेय वयात पुरतं. खरी अडचण वेगळी आहे. मुली सकाळी उपाशीपोटी येतात आणि शाळेतही डबा अर्धा परत नेतात. सरावाआधी एक केळं किंवा शेंगदाण्याचा लाडू तरी पोटात हवा.

वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. ‘हल्ली आळशी झालीय’ अशी तक्रार घेऊन आई येते तेव्हा मी आधी रक्त तपासायला पाठवते.

पाळीच्या दिवसांत खेळू द्यावं का?

तिला बरं वाटत असेल तर हो. खेळल्याने काही अपाय होत नाही. दुखत असेल तर तिने न खेळता सांगावं आणि प्रशिक्षकाने कारण न विचारता मानावं. पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण मेहनत जास्त आणि खाणं कमी झालं की असं होतं आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो.

कपडे कसे? दागिने चालतात का?

सगळ्या संघाचे सारखे कपडे हवेत आणि बिब पुढून-मागून दिसला पाहिजे. आमच्या मुली टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतच्या टाइट्स घालतात, कुणी ट्रॅक पँट घालते.

दागिने चालत नाहीत. कानातलं, चमकी, बांगड्या, पैंजण, सगळं उतरवायचं. नखंही कापलेली हवीत. सामन्याआधी पंच प्रत्येकीचे हात उलटे-पालटे करून तपासतात. बॉलसाठी दोघींचे हात एकदम वर जातात आणि वाढलेलं नख डोळ्याजवळ ओरखडा काढून जातं. संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत हातभर बांगड्या भरलेल्या मुली सरावाला येतात. त्या रुसतात, पण माझं उत्तर तेच असतं.

घरी एकटीने काय सराव करता येईल?

भिंत आणि बॉल. भिंतीपासून तीन पावलांवर उभी राहा, छातीतून पास मार आणि दोन्ही हातांनी पकड. मग एका हाताने, मग डाव्याने. बॉल पाच नंबरचा, ४०० ते ४५० ग्रॅमचा. फुटबॉलही तेवढाच असतो, सुरुवातीला तोच घे. गच्चीवर असशील तर कठड्यापासून लांब.

शाळेला पोल आणि रिंग हवी आहे. कुठे मिळेल?

विकत आणण्यापेक्षा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या, स्वस्त पडतं. त्याला मापं लिहून द्या: पाइप ६५ ते १०० मिलिमीटर जाडीचा, जमिनीपासून रिंगपर्यंत ३.०५ मीटर. रिंग १५ मिलिमीटर सळईची, आतला व्यास ३८० मिलिमीटर, पोलपासून १५० मिलिमीटर पुढं आलेली. जाळी दोन्हीकडून उघडी. पोल जमिनीत पुरायचा नसेल तर बैठक जड करा, पण ती कोर्टच्या आत येऊ देऊ नका, नाहीतर जीके तिथे ठेचकाळते. पोलला खालपासून वरपर्यंत फोमचं वेष्टन लावा, ५० मिलिमीटरपेक्षा जाड नको. वेल्डिंगच्या जागी घासून घ्यायला सांगा आणि रंग देण्याआधी रिंगमधून बॉल टाकून बघा.